ड्रम गार होईपर्यंत

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर माणसं दोनच, आणि त्यांच्यात साठ किलोमीटरचं अंतर. कड्यावरच्या तळावर कालिंदी शेलार, गाड्यांची मेकॅनिक. खाली विवराच्या कायमच्या सावलीत बर्फाचे अभ्यासक डॉ. उकिडवे. महिन्यातून एकदा ती चांद्रगाडीने त्यांचा शिधा पोचवायची. त्यांच्या खोलीतलं यंत्र एकाच माणसापुरता प्राणवायू बनवी, म्हणून पाहुणीने आपला आपण आणायचा आणि तीन तासांत उठायचं, असा नियम होता. त्या तीन तासांच्या आशेवर बिचारी उरलेला महिना भिंतींशी बोलत काढायची.

या खेपेला तिने मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकना आतून ड्रमवर घासणारे नवे लायनर घातले आणि ते नीट बसावेत म्हणून गाडी चार फेऱ्या पळवली. ड्रम तापले. वाईच्या गॅरेजात वडिलांची ताकीद असे, गरम ड्रमवर ब्रेक आवळायचा नाही, म्हणजे लायनर आणि ड्रममधली फट कमी करायची नाही, आधी एक चहा होऊ द्यायचा. कालिंदीने आत जाऊन चहा घेतला आणि अर्ध्या तासाने ब्रेक आवळले. हाताला लागलेली सवय, दुसरं काय! मग उतारभर ब्रेक दाबत ती खाली पोचली.

गप्पांत तीन तास कुठे गेले कळलं नाही. निघताना मात्र मागची चाकं जागची हलेनात. परतीला तीन तास लागणार होते आणि प्राणवायू होता पाच तासांचा.

उकिडव्यांनी शांतपणे उलगडा केला. वाईला ड्रमची उष्णता वारा घेऊन जातो. इथे निर्वात, वारा नाहीच. उष्णता नुसती प्रारणाने जाते आणि त्याला तास न् तास लागतात. तिने ब्रेक आवळले तेव्हा ड्रम तापून फुगलेलेच होते. आता सावलीत ते आकसले आणि लायनरला घट्ट धरून बसले.

"परत तापवले की एकशेवीस अंशांवर सुटतील," ते म्हणाले. "दीड तास लागेल."

त्यांनी खोलीतले तापकपट्टे काढून ड्रमना गुंडाळले. दीड तास दोघं कुडकुडत बसली आणि उकिडवे कधी नव्हे ते भरभरून बोलले. आईच्या हातच्या सांदणांबद्दल बोलले, पुण्यातल्या मुलीबद्दल बोलले, जी हल्ली फोन उचलत नव्हती. बरोबर दीड तासाने ड्रम सुटले. कालिंदीने ब्रेक ढिले केले आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला.

"डॉक्टर, गार ड्रमकडे बघून हा हिशोब होत नाही. ते आधी किती गरम होते, हे ठाऊक लागतं."

उकिडव्यांनी मान खाली घातली. "तुम्ही आलात तेव्हाच ड्रमचं तापमान आणि लायनरची फट मोजली होती. तीन तासांत ड्रम गार होऊन चाकं अडकणार, हे दिसत होतं. सोडवायला दीड तास, वर अर्धा तास शिल्लक. धोका नव्हता."

"आणि पट्टे जळाले असते तर?"

उकिडवे ड्रमवरचे पट्टे सोडवू लागले. कालिंदीला संताप आला आणि त्याहून जास्त रडू आलं.

"नुसतं 'बसा अजून' म्हणाला असतात तर बसले असते की हो," ती म्हणाली. "दोन तास होते माझ्याकडे. मीही नियम म्हणूनच उठायचे."

आता अर्धाच तास उरला होता. तिने गाडी बंद केली आणि ती परत त्यांच्या खोलीत जाऊन बसली.