करवंदवाडीचा भोंगा

करवंदवाडीच्या भोंग्यात बॅटरी बसवायची आणि दिवस मावळायच्या आत पौडला परत यायचं, एवढंच काम होतं.

सायमा मुलाणी तहसील कचेरीत आपत्ती व्यवस्थापनाचं काम बघायची. मुळशी धरणाच्या मागच्या डोंगरात, दरडीच्या सावटाखाली असलेल्या वाड्यांवर त्या वर्षी भोंगे बसवले होते. धोका दिसला की कचेरीतून बटण दाबायचं आणि वाडीत सूचना ऐकू जायची. सूचनेला आवाज सायमाचाच होता. 'ग्रामस्थांनो, दरड कोसळण्याचा धोका आहे. ताबडतोब शाळेत या.' करवंदवाडीचा खांब उभा राहिला होता, कर्णाही चढला होता, पण बॅटरी यायची राहिली होती. ती आता जीपच्या मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळून ठेवली होती.

आषाढ संपत आला होता आणि पावसानं उसंत म्हणून घेतली नव्हती. गाडी कचेरीचा ड्रायव्हर निषाद चालवत होता. रस्त्यावर इतकं धुकं उतरलं होतं की वळणं त्याला दिसण्याआधी आठवावी लागत होती.

"ताई, माणसं आली असतील ना शाळेत?"

"भोंगा वाजवून दाखवायचाय, सगळ्यांना शाळेत बोलवा, असा सरपंचांना सकाळीच निरोप दिलाय. आली असतील."

शाळा डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठाला होती. निवाऱ्यासाठी ती सायमानंच निवडली होती. पक्की इमारत, दारापर्यंत गाडी जाते, म्हाताऱ्यांना चढ-उतार नाही. पण गाडी थांबली तेव्हा शाळेच्या दाराला कुलूप होतं. ओट्यावर एक चप्पलसुद्धा नव्हती.

"तू गाडी वळवून ठेव," सायमा म्हणाली. "मी वर जाऊन बघते. बॅटरीचं नंतर बघू."

वाडी अर्ध्या डोंगरावर होती. पायवाट चढताना सायमाला पहिल्यांदा जाणवला तो वास. ओल्या मातीचा नेहमीचा नव्हे. खोल विहीर खणताना तळातून येतो तसा, कुबट आणि गार. वाडीत शिरली तर घरांची दारं सताड उघडी. गोठ्यातली दावी सोडलेली. एका घरात चूल अजून धुमसत होती आणि परातीत भिजवलेलं पीठ तसंच पडलं होतं. कुत्रंदेखील भुंकलं नाही. पागोळ्यांच्या आवाजाखाली जमिनीतून काहीतरी घरघरत होतं, झोपलेल्या माणसाच्या छातीतून येतं तसं.

शेवटच्या घराच्या ओसरीवर लीलाबाई बसली होती. गुडघ्यांनी अधू झालेली, घोंगडं पांघरलेली म्हातारी. सायमा तिला दोनदा भेटली होती.

"आलीस व्हय, बाय?" लीलाबाई म्हणाली. "सकाळधरनं वरडून वरडून घसा फुटला आसंल तुजा."

"मी कुठं ओरडले, आजी? मी आत्ता येतेय."

"त्या कर्न्यातनं. येकेकाचं नाव घेऊन बोलावलंस की. जनार्दन, पोरं घे. गंगू, चूल सोड... ल्हान पोरांचीबी नावं घेतलीस."

सूचनेत नावं नव्हती. वाडीतल्या पोरांची नावं सायमाला ठाऊकही नव्हती.

"मग सगळे शाळेत का नाही गेले?"

"तूच म्हन्लीस ना, शाळंत जाऊ नगा, कातळावर चला." म्हातारीनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "पर आवाज लई थकल्यावानी येत हुता तुजा. म्हातारीसारका. आजारी हायेस का?"

तेवढ्यात लीलाबाईचा मुलगा जनार्दन धापा टाकत आला. खांद्यावर वेळूचा दांडा आणि त्याला बांधलेली गोधडीची झोळी. बायकापोरांना तो वरच्या कातळावर सोडून आला होता, आता आईला न्यायचं होतं. वाडीच्या एका अंगाला, थोडं उंचावर, तो उघडा काळा कातळ होता. तिथं माती नव्हती, झाड नव्हतं, निवाराही नव्हता.

"आईला खाली न्यायचं, जनार्दनभाऊ," सायमा म्हणाली. "गाडी उभी आहे. या पावसात उघड्यावर ती तग धरायची नाही."

"तुमीच वर बोलावलं न्हवं, बाई?"

"मी नाही बोलावलं. त्या भोंग्यात बॅटरीच नाही. ती खाली माझ्या गाडीत आहे!"

जनार्दननं नुसतं अंगणाकडं बोट केलं. तुळशीपासून गोठ्यापर्यंत जमिनीला भेग गेली होती, हात आत जाईल एवढी. पाऊस तिच्यात पडत होता आणि पाणी साचत नव्हतं.

आणि मग खांबावरचा कर्णा खरखरला.

खर्रर्र... धुक्यातून आधी नुसता श्वास ऐकू आला. दमलेल्या, वयानं झिजलेल्या बाईचा श्वास. मग ती बोलली.

"निषाद... गाडी सोड... निषाद, वर ये..."

सायमाचा हात आपोआप स्वतःच्या तोंडावर गेला. ओठ मिटलेले होते. लीलाबाई तिच्या ओठांकडंच बघत होती. आवाज सायमाचा होता. 'ष' उच्चारताना तिची जीभ किंचित अडखळायची, तीच अडखळ. फक्त त्यात पुष्कळ वर्षं साचली होती, आणि ती बाई रडत होती.

"...वर ये रे, बाळा..."

जनार्दननं झोळी जमिनीवर टाकली. "बाई, धरताय का दुसरं टोक?"

सायमानं डोंगराकडं पाहिलं, मग खाली, जिथं धुक्यात शाळा होती. शिकलेलं सगळं तिला खाली ओढत होतं. तिनं लीलाबाईला काखेत हात घालून उचललं आणि झोळीत बसवलं.

वाडीच्या टोकाला पोचतात तोच पायवाटेनं कोणीतरी धडपडत येताना दिसलं. निषाद होता. पायात एकच बूट.

"काय झालं, ताई? किती हाका मारताय!"

"धर हे," सायमा एवढंच म्हणाली आणि आपलं टोक त्याच्या खांद्यावर दिलं.

कातळावर वाडीतली माणसं प्लॅस्टिकच्या कागदाखाली अंग चोरून बसली होती. झोळी टेकवली, आणि खालची घरघर थांबली. एकदम. पाऊससुद्धा क्षणभर दूर गेल्यासारखा वाटला. मग डोंगर कण्हला. झाडं उभीच्या उभी, फांदीही न हलवता चालू लागली. घरं पत्त्यासारखी दुमडली. लाल चिखलाचा लोंढा मोठमोठे धोंडे घेऊन ओढ्यात शिरला आणि धडधडत खाली गेला.

धुकं विरळ झालं तेव्हा खाली शाळा नव्हती. जीप नव्हती. ओढा कुठला हेही सांगता येत नव्हतं.

चौकशी झाली. माणसं ठरलेल्या निवाऱ्यात न जाता कातळावर कोणाच्या आदेशानं गेली, असं साहेबांनी विचारलं. वाडीतल्या सगळ्यांनी सायमाकडं बघितलं. "माझ्या," ती म्हणाली. त्यात खोटं काय होतं, हे तिला आजही सांगता येत नाही. तिचं कौतुक झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. तो फोटो तिनं घरात लावू दिला नाही. वाडीला रस्त्याकडेला पत्र्याच्या शेड मिळाल्या. ढिगारा उपसला तेव्हा जीप सापडली आणि गोणपाटातली बॅटरीही. खांब मात्र कधीच सापडला नाही.

पुढं थंडी पडली. पौषातल्या एका रविवारी दुपारी सायमा पौडच्या घरी होती. अब्बा, पीरमहंमद, अंगणात खाटेवर संत्रं सोलत बसले होते. भाऊ शहाबाज मोटारसायकल धूत होता आणि त्याची चिमुरडी जस्मीन पाण्यात पाय आपटत हसत होती. फोन वाजला. जनार्दन होता.

"बाई, कामात न्हाई ना? आमी गुरं घिऊन जुन्या वाडीकडं आलोय... तुमचा आवाज येतोय हितं."

सायमा अंगणातून आत आली. "कुठून येतोय?"

"ढिगाऱ्याच्या आतनं आल्यावानी. खांब न्हाई, काय न्हाई. पर तुमीच हाय. आक्शी तसंच, रडून रडून."

"वाडीतल्या माणसांना बोलावतेय? सगळ्यांना बाहेर काढा, जनार्दनभाऊ, लगेच..."

"न्हाई, आमच्यातलं न्हाई कुनी. म्हनून तर इचारतोय. पीरमहंमद म्हनती. शहाबाज म्हनती. आन कुनी जस्मीन म्हून हाय... ही मानसं कोन, बाई?"

खिडकीतून तिला अंगण दिसत होतं. लख्ख ऊन होतं. अब्बांनी संत्र्याची फोड जस्मीनपुढं धरली होती.

"आणि कुठं जायला सांगतेय?"

जनार्दनच्या गुरांच्या घंटा फोनमधून किणकिणत होत्या.

"त्येच तर सांगत न्हाई, बाई... नुसती नावं घेती."