अठरा नंबरचा निरोप

"एकोणीस नंबरला निरोप गेला. मग अठराला का नाही?"

मुलगी आवाज न चढवता विचारत होती, आणि तेच काकांना जड जात होतं. अठरा नंबर म्हणजे तिची आई. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तिला कळलीच नाही. उत्तर आलं नाही म्हणून नंबर गेला, आणि पुढची तारीख मिळेपर्यंत उरलासुरला डोळाही गेला. आता ती काचेपलीकडे बाकावर बसली होती.

दवाखान्याच्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम काका सांभाळत. संशय मात्र काउंटरवरच्या ताईंवर होता. संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही, तर त्यांची नोकरी जाणार होती.

"यादीला हात लावला होतात?" काकांनी ताईंना विचारलं.

"आदल्या दिवशी सतरा नंबरचं नाव बंद केलं. बाकी माझा हात चहाच्या कपावरच असतो, विचारा कुणालाही."

"सतरा कोण?"

"माझे बाबा," मुलगी म्हणाली. "दोघांनी एकदमच नाव नोंदवलं होतं. बाबा गेले, तेव्हा मीच फोन केला. म्हटलं, जागा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

काकांनी जुन्या नोंदी काढल्या. आणखी दोन निरोप चुकले होते. दोन्ही वेळा, त्याच सकाळी, चुकलेल्या नावाच्या लगेच आधीचं नाव यादीतून निघालं होतं.

बाहेर नर्सनं पहिल्या पेशंटला आत नेलं. बाकावरचे लोक सवयीनं एकेक जागा पुढे सरकले. काका बघतच राहिले.

"ताईंचा दोष नाही," ते हळूच म्हणाले. "प्रोग्राम सकाळी जागा मोजत यादीवरून जातो. बंद नाव काढतो, बाकीच्यांना निरोप धाडतो. सतरावं नाव निघालं, तशी यादी पुढे सरकली. तुमच्या आई सतराव्या जागेवर आल्या. पण प्रोग्रामच्या लेखी ती जागा बघून झाली होती. तो अठराव्या जागेवर गेला. तिथे एकोणीस नंबर होता."

"हे आधी कुणालाच कळलं नाही?"

"जावाला, म्हणजे हा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय तिला, कळलं होतं. पूर्वी यादी फिरत असताना नाव काढलं, की प्रोग्राम तिथेच थांबून तक्रार करायचा. निरोप अडकायचे, लोक चिडायचे. मग एकानं ती पद्धत बदलून जागा मोजायची पद्धत घातली. तक्रार थांबली. त्याला वाटलं, दुखणं गेलं."

"कुणी?"

काकांनी पडदा तिच्याकडे वळवला. बदललेल्या ओळीशेजारी त्यांचंच नाव होतं.

ताईंनी मान खाली घातली. मुलीनं ते नाव वाचलं.

"म्हणजे मी बाबांचं कळवलं नसतं, तर..."

"तुम्ही योग्य तेच केलंत. खुलाशात मी माझं नाव लिहितोय."

काकांनी ओळी बदलल्या. आता नाव काढायचं ते यादीवरून नावागणिक फिरणाऱ्या प्रोग्राममधल्या वाटाड्यानं, इटरेटरनंच; म्हणजे आपण कुठवर आलो, हे तो विसरत नाही. दोन ओळींचं काम. तीन वर्षं राहिलेलं.

बाहेर आणखी एक पेशंट उठला.

"आजी, सरका पुढे," मागच्यानं म्हटलं.

आईनं शेजारची रिकामी जागा हातानं चाचपली आणि हात परत घेतला.

"नको रे बाबा. मुलीनं इथेच बसायला सांगितलंय. सरकले, तर तिला सापडायची नाही."