बिनशिक्क्याची किटली

दार ढकलून तो आत आला, तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत होते आणि पायाखाली चाक फिरत होतं. त्यामुळे तिला उठता आलं नाही, कपाळावरची बट मागे सारता आली नाही. नुसतं पाहता आलं. झोपलेलं मूल न्यावं तशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू त्यानं छातीशी धरली होती.

"इथे... जुनं भांडं कुणी घडवलंय, ते ओळखून मिळेल का?"

"भांडं बघितल्याशिवाय कसं सांगू?"

कागद सुटला, आणि चाक थांबलं.

राखी झिलईची किटली. तोटी भट्टीत किंचित डावीकडे वळलेली. तीन वर्षांपूर्वी, काही म्हणजे काहीच मनासारखं उतरत नव्हतं अशा दिवसांत, तिनंच घडवलेली. त्या वर्षी एकाही भांड्याच्या बुडाला तिनं आपला शिक्का दिला नव्हता. सगळी निनावीच भंगारात गेली होती.

"जुन्या बाजारात मिळाली," तो म्हणाला. "मी पुस्तकं बांधतो. दिवसभर हीच समोर असते. हिच्यातून चहा ओतायचा तर मनगट जरा वळवावं लागतं... घाई करताच येत नाही. ज्यानं घडवली ना, त्याला तेव्हा फार एकटं वाटत असणार. मला त्याला भेटायचंय."

आपली जुनी रोजनिशी कुणा अनोळखी माणसानं मोठ्यानं वाचावी, तशी ती कानांपर्यंत तापली. 'माझी आहे', दोनच शब्द. पण ते काही ओठांवर आले नाहीत. आले ते भलतेच.

"अभ्यास करावा लागेल. गुरुवारी या."

तो गेल्यावर झिलईच्या पिंपामागून वहिनी उभी राहिली. तिच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं.

"वन्सं, काखेत कळसा नि गावाला वळसा, हे ऐकलं होतं. पण कळसाच माणसाला वळसा दाखवतो, हे आज पहिल्यांदा पाहिलं!"

"वहिनी, हळू!"

"बरं, हळू. दिसायला बरा आहे."

पहिल्या गुरुवारी तिनं सांगितलं, माती नदीकाठची नाही. दुसऱ्या गुरुवारी सांगितलं, झिलईत लाकडाची राख आहे. सगळं खरं होतं, आणि तिची खरी पंचाईत तीच होती. खोटं एकच होतं, पण रोज वितीनं वाढत होतं. सांगावं तर खोटारडी ठरून त्याला गमवायचं. न सांगावं तर एक ना एक दिवस कुणीतरी दुसरं सांगणारच. आपलेच दात, आपलेच ओठ... तक्रार तरी कुणाकडे करावी?

तिसऱ्या गुरुवारी त्यानं तिची झिलईच्या कृतींची फाटकी वही नेली आणि चौथ्या गुरुवारी नव्या शिलाईत बांधून आणली. पानं उलटताना तिनं वही नाकाशी धरली.

"तुमच्या हातांना येतो तोच वास. खळीचा."

"आणि तुमच्या गालावर कायम माती असते."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर... तुम्ही पुसली असती."

पिंपात हात बुडवलेली वहिनी उगाचच खोकली.

पाचव्या गुरुवारी मात्र तो बसला नाही. दारातच उभा राहून, पाठ केल्यासारखा बोलला.

"सापडल्या बहुतेक. शेजारच्या शहरात एक बाई आहेत म्हणे. राखी किटल्याच घडवतात. हात फार नाजूक आहेत त्यांचे. किटलीच्या कानाखाली अंगठ्याचा ठसा आहे ना, लहानसा? तो त्यांचाच असणार." तो थबकला. "खरं सांगू? मला आशा होती, की ही तुमचीच असेल. पण गेल्या वेळी तुम्ही कान धरलात, तेव्हा नीट पाहिलं. तुमचा अंगठा मावत नाही त्या ठशात. उद्या पहाटेच्या गाडीनं निघतोय. तुम्हाला फार त्रास दिला..."

म्हणजे सुटका! न मागता, न बोलता. खोटं आता कधीच उघडं पडणार नव्हतं. तिनं फक्त मान हलवायची, आणि त्यानं त्या नाजूक हातांकडे निघून जायचं.

"माती आकसते!" ती ओरडली.

वहिनीच्या हातातला डाव पिंपात बुडाला.

"अं?"

"भट्टीत माती आकसते. ओलेपणी दहा बोटं असलेली वस्तू भाजून निघाली की नऊ बोटं उरते. ठसासुद्धा आकसतो! घडवणाऱ्याचा अंगठा ठशापेक्षा मोठाच असणार. इतकी साधी गोष्ट..." आणि आपण काय बोलून बसलो, ते तिला कळलं.

"मग... कुणाचा?"

"माझा." तिनं मान खाली घातली. "पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एकटं वाटत असणार म्हणालात ना... कुणी इतकं अचूक ओळखलं, की आधी लपावंसंच वाटतं. आणि नंतर वाटलं, नाव कळलं की तुम्ही यायचे नाहीत."

तो स्टुलावर मटकन बसला. मग त्यानं इतका लांब श्वास सोडला, की जणू पाच आठवडे तो छातीतच अडकून होता.

"म्हणजे उद्या पहाटे उठायला नको?"

"तुम्ही... रागावला नाहीत?"

"रागावलोय. पण आधी जरा बरं वाटून घेतो, मग रागावतो." तो हसला. "त्या बाईंशी काय बोलायचं, या धास्तीनं जेवण गेलं नाही मला. तिथे जाऊन 'या नव्हेत' एवढंच ठरवून परत येणार होतो. पुढच्या गुरुवारी यायला कारण राहिलं असतं."

आता दोघंही हसली. ओझं उतरवून ठेवल्यावर हमाल हसतात, तशी.

"आणि अजून वाटतं का," त्यानं हळूच विचारलं, "एकटं?"

तिनं मान वर केली.

"गुरुवार सोडून... सगळे दिवस."

तो स्टूल जरा पुढे ओढून बसला. मग, एखादं नाजूक पान उलटावं तशा सावध आवाजात म्हणाला, "उद्या शुक्रवार आहे. दुपारी येऊ?"

"ये," ती म्हणाली.

अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. वहिनीच्या आलं. पण तिनं पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि बुडालेला डाव शोधत राहिली, चांगला सापडलेला असतानाही.