सगळीकडे एकच की

वेबसाइटवाल्याचा आळस साधा नव्हता. तो हुशार माणसाचा आळस होता, म्हणजे त्याला कारणं देता येत. एखाद्या वेबसाइटला बाहेरच्या सेवेकडून नकाशा, बुकिंग असलं काही हवं असलं, की ओळख म्हणून अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ द्यावी लागते. तिला एपीआय की म्हणतात. शहाण्याने दर गिऱ्हाइकाला वेगळी की काढावी आणि ती कुठे चालेल यावर बंधनं घालावीत. हा मात्र स्वतःच्या खात्याची, सगळ्या परवानग्यांची एकच की चष्मेवाल्याला, दातांच्या डॉक्टरणीला, येईल त्याला चिकटवून मोकळा होई. त्याच्या ऑफिसच्या इमारतीतली दारं मोबाइलवरून उघडायची सोय त्यानेच बसवली होती, तिथेही तीच. घराच्या दारालाही तीच. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा, हे त्याचं ब्रह्मवाक्य.

त्या शनिवारी दुपारी एका गिऱ्हाइकाच्या साइटला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, अडला. त्याने मदतीच्या फोरमवर प्रश्न टाकला आणि घाईघाईत सेटिंग्जचा सगळा मजकूर जसाच्या तसा डकवला, कीसकट. चहा घेऊन आल्यावर चूक लक्षात आली. त्याने जीभ चावली, पोस्ट पुसली. एवढ्यात कोण बघतंय!

आज उजेडी घरी पोचायचं होतं. बायको सकाळी भांडली नव्हती, हीच काळजीची बाब होती. ती एवढंच म्हणाली होती की मुलीने हल्ली बाबा कधी येणार हे विचारणं सोडलंय. ते दिवसभर त्याला कुसळासारखं टोचत होतं. ऊन कलायच्या आत त्याने बॅग उचलली, दारापाशी जाऊन मोबाइलवरचं बटण दाबलं.

दार उघडलं नाही. पडद्यावर ओळ आली : आपण बाहेर गेला आहात.

ओळ त्यानेच लिहिलेली, त्यामुळे चिडायचं कुणावर हा प्रश्न होता. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. दार जाड काचेचं, खिडकी न उघडणारी, खाली रस्त्यावर माणसं मुंगीएवढी. नव्या गालिच्याच्या गोंदाचा वास आज जरा जास्तच येत होता. शेजारच्या खोल्या शनिवारच्या रिकाम्या.

इमारतीच्या मालकाला फोन लावला. मालक हसले. मघाशीच तर माझ्यासमोरून हात करून गेलात, म्हणाले, आणि आज काय मनापासून विचारपूस केलीत माझ्या गुडघ्याची! चेष्टा पुरे, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्यांदा उचलला नाही.

मालकांच्या गुडघ्याला काही झालंय, हे त्याला माहीतच नव्हतं.

तो लॅपटॉपशी बसला. आपली की आत्ता कुठे वापरात आहे ते पाहिलं. शेवटचा वापर घराच्या दारावर झाला होता. दार उघडलं होतं, मग आतून लावलं होतं.

घाम पुसत त्याने की रद्द करायला घेतली. पडद्यावर उत्तर आलं. ही ओळ त्याने कधी लिहिली नव्हती : की ज्याच्याकडे आहे, त्यानेच रद्द करावी.

मग बायको आठवली. तिच्या मोबाइलला ऑफिसच्या या दाराची परवानगी होती, आणि तिची की वेगळी होती. तेवढं एकच काम त्याने नियमाने केलं होतं, कारण ती शेजारी बसून बघत होती.

तिने फोन उशिरा उचलला. त्याने भडाभडा सगळं सांगितलं. मग ती हळू म्हणाली, "थांब, गॅलरीत येते."

दार सरकल्याचा आवाज आला.

"तो आलाय इथे," ती म्हणाली.

"तो कोण? मी इथे अडकलोय."

"कळतंय मला. इतकी वर्षं संसार केलाय, तुझा आवाज ओळखणार नाही?"

"मग बटण दाब ना."

"आल्या आल्या मोबाइल पालथा ठेवला त्याने. पोरीशेजारी बसला. ती काहीतरी सांगत होती, ते शेवटपर्यंत ऐकलं."

"अगं, तो मी नाहीये."

"तेच तर म्हणतेय."

त्याचा हात काचेवर होता. काच गार होती.

"दाबेन मी," ती म्हणाली. "पण आज नको. आजच्या दिवस राहू दे."

"आणि उद्या?"

आतून मुलगी हसल्याचं ऐकू आलं. हे हसू त्याने ऐकलं नव्हतं, निदान बऱ्याच दिवसांत नाही.

गॅलरीचं दार पुन्हा सरकलं. मग त्याचा स्वतःचा आवाज आला, जवळून, अजिबात घाई नसलेला.

"झालं बोलून?"

"हो," ती म्हणाली.

तिने फोन बंद केला नाही. नुसता पालथा ठेवल्याचा आवाज झाला.