तीन वाजून वीस मिनिटांचं वजन

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशेजारी, खुर्चीत बसलेल्या बाईचा हात सहज पोचेल अशा उंचीवर, एक निळं बटण होतं. खाली बाळंत झालेली बाई चाकाच्या खुर्चीतून वर आली की बाळाला मांडीवर घेऊन तिनं ते दाबायचं. मग अख्ख्या हॉस्पिटलभर अंगाईचे आठ सूर वाजायचे. कॅन्टीनमध्ये माशांचं सूप वाढणारी बाई पळी हवेतच धरून थांबायची. हाडांच्या डॉक्टरकडे ताटकळलेले म्हातारे खाणकामगार एकमेकांना कोपर मारून म्हणायचे, "आला बघ, आणखी एक भाडेकरू."

कोरीन बूद्रोचा त्या बटणावर भारी जीव. चौदा वर्षं ती बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती आणि लाजणाऱ्या आयांचा हात धरून बटण दाबायला लावण्यात तिचा हातखंडा होता. शिवाय कॅनडातल्या या केप ब्रेटन बेटाची पक्की सवय तिच्यात मुरलेली. समोर कुणीही आलं की पहिला प्रश्न, "कुणाची गं तू?" बापाचं नाव कळल्याशिवाय इथं कुणी कुणाला चहासुद्धा विचारत नाही. कोरीन तर तासाभरापूर्वी जन्मलेल्यांनाही विचारायची.

पण सगळीच बाळं रडत येत नाहीत. न रडलेलं बाळ घेऊनही काही आया याच लिफ्टनं वर यायच्या, कारण त्यांना ठेवायला दुसरी जागाच नव्हती. त्यांच्यासाठी शेवटची आठ नंबरची खोली. अशा वेळी वॉर्डची कारकून फ्लोरीन खाली जाऊन बाळाच्या दुपट्याला एक कार्ड लावून यायची. हिरवं पान आणि त्यावर पाण्याचा एक थेंब, बस्स. ते दिसलं की आवाज खाली घ्यायचा, अभिनंदन करायचं नाही, बटणाकडे बघायचंही नाही.

मार्चमधल्या त्या मंगळवारी दुपारी लिफ्टचं दार उघडलं तेव्हा कोरीन नुकतीच चहा पिऊन, कुणाच्या तरी जोकवर हसत बाहेर आली होती. खुर्चीत पंचविशीची, फिकट चेहऱ्याची एक मुलगी. मांडीवर पट्ट्यापट्ट्यांच्या दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ. त्याच्या गालाला कसलंसं कार्डाचं टोक लागत होतं. भेटवस्तूंच्या दुकानातली चिठ्ठी असेल, असं मनाशी म्हणत कोरीननं दुपट्याचा कोपरा ओढून कार्डावर नीट खोचला.

"कुणाची गं तू, सोनुले?" तिनं बाळाला विचारलं. मग मुलीकडे वळून म्हणाली, "आणि तू लाजतेस काय? दाब की." मुलगी हलली नाही. कोरीननं तिचा हात उचलला, तिचं बोट बटणावर टेकवलं आणि वरून आपलं बोट दाबलं.

आठही सूर वाजून संपेपर्यंत ती मुलगी कोरीनकडे नुसती बघत होती. खुर्ची ढकलणारा माणूस भिंतीकडे. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मुलीचं नाव जेनीन पेट्री. बाळ मुलगी होती, दोन किलो नऊशे दहा.

मोठ्या नर्सबाई पेग गिलिस यांनी संध्याकाळी कोरीनला बोलावलं आणि कार्ड दिसलं नाही का, एवढंच विचारलं. कोरीनच्या बोटांना अजून दुपट्याची मऊ किनार जाणवत होती. "कार्ड नव्हतं," ती म्हणाली.

फ्लोरीन म्हणत राहिली की मी माझ्या हातानं लावलं होतं. पण कार्ड काही सापडलं नाही. पुढच्या सोमवारपासून तिला तळघरात, चादरी मोजायच्या कामावर पाठवलं. जाताना ती कोरीनला म्हणाली, "अगं, वेंधळी तर मी आहेच. एखादवेळी राहिलंही असेल." कोरीननं तिला पेटी उचलायला मदत केली. एवढं लाजिरवाणं काम तिनं जन्मात केलं नव्हतं.

आठ नंबरच्या खोलीत तर ती गेलीच नाही. बाळ नसलं तरी आईला दूध येतं. थंड पट्ट्या कशा ठेवायच्या, पान्हा कसा ओसरू द्यायचा, हे जेनीनला सांगणं कोरीनचं काम होतं. तिनं दुसऱ्या नर्सला पाठवलं आणि स्वतः औषधांचं कपाट पुसत बसली. कपाट आधीच स्वच्छ होतं.

त्याआधी बुधवारी, म्हणजे बटण दाबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तीन वाजून वीस मिनिटांनी अंगाई वाजली होती.

सगळ्यांनी माना वर केल्या. खाली चौकशी केली तर सकाळपासून एकही बाळंतपण नाही. लिफ्टपाशी कुणी नव्हतं. वायरमन आला, त्यानं दमट हवेला दोष दिला आणि बटण काढून त्या भोकावर चिकटपट्टी लावून गेला.

अंगाई वाजली त्याच वेळी कोरीन बाळांचा वजनकाटा पुसत होती. ताटली रिकामी होती. आकडा आला दोन किलो नऊशे दहा. तिनं काटा बंद करून पुन्हा लावला. दोन किलो नऊशे दहा. दोन मिनिटांनी शून्य.

बटण गेल्यावर अंगाई थांबली, काटा नाही. गुरुवारी त्याच वेळी दोन आठशे वीस. शुक्रवारी दोन सातशे तीस. काटा बिघडलाय असं कोरीननं कळवलं. तपासणारा आला, पितळी वजनं ठेवून पाहिली आणि म्हणाला, "बाई, तुमच्याआमच्यापेक्षा हा सरळ आहे." शनिवारी आकडा दोन सातशे साठ होता.

तेव्हा मात्र कोरीननं हातातलं फडकं खाली ठेवलं. जन्मलेलं बाळ पहिले तीन-चार दिवस वजनात उतरतं आणि दूध अंगी लागलं की चढायला लागतं, हे ती रोज चार आयांना समजावून सांगत होती. बिघडलेल्या यंत्राला हे कोण सांगणार?

चौदाव्या दिवशी आकडा पुन्हा दोन नऊशे दहावर आला. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा.

ती कुणाला बोलली नाही. बोलायचं तर सुरुवातीपासून बोलावं लागलं असतं. ताटलीवर वाकलं की कोमट, गोडसर वास यायचा. धुतलेल्या दुपट्याचा आणि टाळूचा.

एकविसाव्या दिवशी, काट्यावरचा आकडा पाहून, ती सरळ पेगबाईंच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सांगितलं. कार्ड होतं. मीच झाकलं. फ्लोरीनचा काही दोष नव्हता.

पेगबाईंनी चष्मा काढला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तीन आठवडे, कोरीन," त्या म्हणाल्या आणि फ्लोरीनला वर बोलावण्यासाठी फोन उचलला.

पाचला कामावरून सुटल्यावर कोरीन बंदराजवळच्या जेनीनच्या पिवळ्या घरापाशी गेली. जेनीननंच दार उघडलं. ओळखलंही.

कोरीननं वाटेत पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. माफी मागितली. कार्डाचंही सांगितलं.  मग चहाचं भांडं चुलीवर ठेवत जेनीन म्हणाली, "त्या दिवशी सगळे तिच्या डोक्यावरून कुजबुजत होते. तिच्याशी बोललीस ती एकटी तू. कुणाची गं तू, असं विचारलंस."

"मला माहीत नव्हतं, जेनीन."

"तिलाही नव्हतं," जेनीन म्हणाली. "तू बोलावलंस, ती आली."

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली ते कार्ड होतं. हिरवं पान, थेंब, एक कोपरा दुमडलेला. कोरीननं खोचताना दुमडला होता तसाच. जेनीननं ते काढून उलटं केलं.

मागे पेन्सिलीनं आकडे होते. २९१०. २८२०. २७३०. २७६०.

एकवीस ओळी. शेवटच्या ओळीत नुसती तारीख.

"आजचं किती?" जेनीननं विचारलं. "आज मला नीट अंदाज आला नाही."

 हे आकडे कोरीननं कागदावरसुद्धा उतरवले नव्हते.

"तीन एकशेवीस," ती म्हणाली.

जेनीननं लिहिलं. तिचे खांदे सैल झाले. तिच्या शर्टावर, छातीशी, दोन ओले डाग हळूहळू पसरत होते.

"एक सांगायचं होतं," ती संकोचून म्हणाली. "ती ताटली फार गार असते गं."

दुसऱ्या दिवशी फ्लोरीन आपल्या जागेवर परत आली होती. कोरीननं तिच्यासमोर उभं राहून तिचीही माफी मागितली. फ्लोरीननं मान हलवली आणि कार्डांचा गठ्ठा नीट लावत राहिली.

तीन वाजून अठरा मिनिटांनी कोरीननं दुपटी गरम ठेवायच्या कपाटातून एक दुपटं काढलं. काट्याच्या ताटलीवर ते चौपदरी अंथरलं, सुरकुत्या सारख्या केल्या, आकडा शून्यावर आणला आणि हात मागे घेतला.

दोन मिनिटांनी दुपट्याचा मधला भाग हलकेच दबला.