उंबऱ्याबाहेरचं पान

हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने एक नोव्हेंबरला दुपारी आमच्या दारात येऊन बसावं. मी वर चॉकलेटही पाजेन.

मी इनेस. मेक्सिकोतल्या ओआहाका शहरापासून दोन तासांवर आमचं गाव. बाजारात माझी कोकोची चक्की आहे. बावीस वर्षं मी कोको, दालचिनी, बदाम दळते आणि चाखते. माझ्या स्वभावाबद्दल गावात दुमत असेल, जिभेबद्दल नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं जिभेवरच घडलं.

माझा धाकटा भाऊ एफ्राइन कामासाठी उत्तरेला निघाला होता. सीमेजवळून त्याचा फोन आला.

"ताई, उद्या पलीकडे जातोय. आईला सांग, माझ्या वाटणीचे तामाले राखून ठेव."

तो शेवटचा फोन.

तीन वर्षं गेली. ना फोन, ना पत्र, ना प्रेत. आईने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. हाती काही लागलं नाही.

मग आला २०१६ चा नोव्हेंबर.

आमच्याकडे एक तारखेला दुपारी बाराची घंटा झाली की मोठ्या माणसांचे आत्मे घरी जेवायला येतात. आदल्या दिवशी आम्ही मांडणी केली. उसाची कमान, झेंडू, धूप, मिरची-कोकोचं दाट मोले, पाव आणि मध्ये बाबांचा फोटो. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत आणि तिथून आत फोटोपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. फोटो असेल त्यालाच ते घर आपलं म्हणून कळतं.

फेलिसितास आत्या पाव घेऊन आली होती. मोल्याचं पातेलं बघून म्हणाली, "वहिनी, माझ्या भावाला जिवंतपणी कधी एवढं वाढलं नाहीस. सवय लागेल हं त्याला."

एरवी आईने तिला सोडलं नसतं. त्या दिवशी ती मांडणीकडेच बघत होती. कारण मी बाबांच्या शेजारी एफ्राइनचा फोटो ठेवला होता.

"काढ तो," आई म्हणाली.

"आई, तीन वर्षं झाली गं..."

"जिवंत माणसाचं पान मेलेल्यांत वाढतात का? उद्या तो दारात येऊन उभा राहिला, तर काय तोंड दाखवू त्याला?"

"आणि जिवंत नसला तर? त्याने कुणाच्या घरी जायचं?"

तिने फोटो उचलला आणि एप्रनच्या खिशात घातला.

मग तिने दरवर्षीसारखं उंबऱ्याबाहेर एक पान मांडलं. ज्याचं कुणी नाही, ज्याचा फोटो कुठेच नाही, अशा आत्म्यासाठी. मक्याच्या सालीत बांधून वाफवलेले घेवड्याचे दोन तामाले, एक पाव, पाणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच घरी होतो. बाराची घंटा झाली...

आमचा कुत्रा पाद्रीबाबांवरसुद्धा भुंकतो. तो उठला आणि शेपटी हलवत दाराकडे गेला.

मग चपला ऐकू आल्या. टायरच्या तळव्याच्या. एक पाऊल पडायचं, दुसरं घासत यायचं...

एफ्राइन लहानपणी गाढवावरून पडला होता. तेव्हापासून तो असाच चालायचा.

आवाज उंबऱ्यापाशी थांबला.

आईच्या हातातला डाव थांबला. आम्ही वाट बघत राहिलो. आत कुणीच आलं नाही.

मी बाहेर गेले. अंगणात कुणी नव्हतं. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत पाकळ्या चुरगळल्या होत्या. उंबऱ्याच्या आत एकही पाकळी हललेली नव्हती.

बाहेरच्या पानातले तामाले जसेच्या तसे होते. फक्त एकाची बांधलेली पट्टी... मक्याच्या सालीची ती पट्टी तीन पदरांत चिरून तिची बारीक वेणी घातलेली होती.

लहानपणी आई बाजारात गेली की माझ्या वेण्या एफ्राइनच घालायचा. हात रिकामे असले की सालींच्याही घालायचा.

मी तामाल्याचा तुकडा तोंडात टाकला. चव नव्हती. मीठ नाही, मका नाही, काहीच नाही. ओला कागद चघळल्यासारखं वाटलं. मेलेला माणूस जेवून गेला की अन्नाची चव जाते, हे आमच्याकडे लेकरालाही माहीत असतं.

आईने माझ्या हातून तो घेतला. चाखला.

"मीठ विसरले मी," ती म्हणाली.

"आई, एकाच पातेल्यातले आहेत."

तिने उभ्या उभ्या तो अख्खा संपवला. मग उंबऱ्यावर बसली आणि विचारलं, "आत का नाही आला गं?"

का, ते मला ठाऊक होतं. तिलाही होतं. तिचा हात खिशातल्या फोटोवर होता.

मला वाटलं, आता ती फोटो लावेल. नाही लावला. त्यानंतर दर एक नोव्हेंबरला, पुढे हातात काठी आली तरी, ती आपली खुर्ची बाहेर, त्या पानाशेजारी घेऊन बसायची. जाताना माझा हात धरून म्हणाली, "फोटो लावू नकोस. तो चालत येईल." मी शब्द दिला. मरणाऱ्या बाईशी काय वाद घालायचा?

गेल्या वर्षी मांडणीत आईचा फोटो आला. तिच्यासाठी मी स्वतः दळून चॉकलेट केलं.

घंटा झाली. घासत येणारं पाऊल आलं... आणि त्याच्या मागे आईची काठी.

दोन्ही आवाज उंबऱ्यापाशी थांबले.

मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "आई, आत ये ना." कुणी आलं नाही.

नंतर मी सगळं चाखलं. बाबांच्या मोल्याची चव गेली होती. बाहेरच्या दोन्ही तामाल्यांची गेली होती. एकाच्या पट्टीची वेणी होती. दुसऱ्याची पट्टी सोडून, घडी करून ठेवलेली होती. आई पट्ट्या कधी टाकायची नाही.

आतल्या चॉकलेटला मात्र दालचिनीची अख्खी चव होती. लेकाला बाहेर ठेवून ती एकटी आत आली नव्हती. ते चॉकलेट मी एकटीने प्यायले. फार चांगलं झालं होतं. मला रडू आवरलं नाही.

यंदाचा एक नोव्हेंबर नऊ दिवसांवर आला आहे. एफ्राइनचा फोटो आता माझ्या एप्रनच्या खिशात असतो. रोज मांडणीच्या जागेपाशी जाते, बाहेर काढते, परत आत ठेवते. शब्द मोडला तर दोघं घरात येतील, की आई रुसून दारापर्यंतही येणार नाही... मला कळत नाही.