काचेवरचा सरळ माणूस

माझे नीलकंठमामा थापा मारण्यात पटाईत. पण ही गोष्ट त्यांनी चाळीस वर्षांत पाच-सहा वेळा सांगितली आणि एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. म्हणून सांगतो, हे घडलेलं आहे.

साल १९५२. धार. चैत्रातली भर दुपार.

मामांचा देवासला फोटो स्टुडिओ होता, धारला दत्तोपंतांचा. संस्थानं विलीन झाली, तशी सरदार मंडळी आपल्या विलायती मोटारी विकायला लागली. मुंबईच्या गिऱ्हाइकांना आधी फोटो हवा असायचा. आणि मोटारीचा फोटो म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव... दत्तोपंत.

मामांच्या पोटात दुखायचं. चार वर्षं दुखत होतं. दत्तोपंतांपेक्षा सरस असा एक तरी फोटो आपल्या हातून निघावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

माघात दत्तोपंत वारले. मामा घरच्यांना भेटून आले. खोटं कशाला बोलू, त्यांना आतून बरं वाटलं होतं.

दोन महिन्यांनी धारच्या सरदार मल्हाररावांच्या काळ्या मोटारीचं काम मामांकडे आलं. मोटार मावेल एवढा स्टुडिओ फक्त दत्तोपंतांचा. त्यांच्या पत्नीने, सावित्रीबाईंनी, तो वापरायला दिला. वर तांब्याभर ताक आणून ठेवलं.

"हे प्यायला नाही हो. मोटारीच्या दिव्यांना आणि बंपरला चोळा, फोटो बिघडवणारी चकाकी मरते. ताक लावल्याशिवाय ह्यांनी कधी मोटारीचा फोटो काढला नाही."

"लगा लो भिया," ड्रायव्हर गणपत म्हणाला. "दत्तोपंतांचा फोटो म्हणजे एकदम नंबर वन!"

मामांच्या डोक्यात तिडीक गेली. इथेही दत्तोपंत! त्यांनी ताक मागच्या अंगणात ओतून दिलं.

"मला कुणाची उष्टी विद्या नको."

गणपतला बाहेर काढलं. दार लावलं. मोटारीभोवती पांढऱ्या चादरी टांगल्या आणि डोक्यावर काळं कापड घेऊन ते कॅमेऱ्यापाशी वाकले.

त्या काळच्या कॅमेऱ्यांच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. चाकं वर, छत खाली. मामांना त्याची सवय होती.

मोटारीचं काळं दार आरशासारखं. त्यात कॅमेरा दिसत होता, उलटा.

वाकलेले मामा, उलटे.

आणि त्यांच्या शेजारी एक माणूस...

सरळ उभा.

मामांनी झटकन डोकं बाहेर काढलं. शेजारी कुणीच नव्हतं. नुसता आंबूस वास येत होता...

ताकाचा.

मोटारीचे दिवे पांढरट दिसत होते. बंपरसुद्धा. मामांनी बोट लावून पाहिलं...

ओलं.

दुसरा कुणी पळून गेला असता. मामा चिडले.

"मेल्यावर तरी माझी पाठ सोडा!"

धोतराच्या सोग्याने त्यांनी सगळं घासून पुसलं. दिवे लखलखले. तशा लखलखाटातच त्यांनी फोटो काढला. एकच.

देवासला येऊन प्लेट धुतली.

चकाकी नव्हती... कुठेच नव्हती. दारात कुणाचं प्रतिबिंबही नव्हतं. असा देखणा फोटो मामांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्यांनी प्रतींच्या मागे स्वतःचा शिक्का मारला. मुंबईहून कामं आली, इंदूरहून आली. देवासच्या नीलकंठरावांचं नाव झालं.

पण तसा फोटो त्यांच्या हातून पुन्हा निघाला नाही. शेवटी चोरून ताक लावून पाहिलं. तरी नाही.

मल्हाररावांनी तो फोटो दिवाणखान्यात लावला. एकदा मामा तिथे असताना सावित्रीबाई आल्या. बराच वेळ फोटोपुढे उभ्या राहिल्या. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "हा ह्यांचा हात आहे."



शेवटच्या आजारपणात ते मला म्हणाले, "जिवंत माणसाला कधीतरी मागे टाकता येतं रे. ह्याला कसं टाकू?" तेव्हाही त्यांच्या आवाजात भीती नव्हती. जळफळाट होता.

त्या फोटोची एक प्रत आता माझ्याकडे आहे. लोक विचारतात, कुणी काढलाय? मागे मामांचा शिक्का आहे... तरी त्यांचं नाव घ्यायला माझी जीभ रेटत नाही.